बोरीच्या पाल्याचं पाणी

अम्मीचा फोन आला तेव्हा मेहजबीन बुधवार पेठेत अब्बांच्या दुकानात, काउंटरच्या आत उभी राहून, नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चमध्ये नवे सेल घालत होती. दुकान म्हणजे काय, दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्यानं फुटपाथवरून बोलायचं. त्यात मंगळवार. दगडूशेठच्या दर्शनाची गर्दी पार कोपऱ्यापर्यंत आलेली, त्यामुळे तिनं एका कानात बोट घालून दुसऱ्या कानानं ऐकलं. अम्मी म्हणाली, "हमीदाबी गेल्या गं. आत्ताच. अस्रच्या नमाजाआधी सगळं उरकायचं म्हणतायत. माझा गुडघा आज वाकतच नाही, तू येशील का पाणी ओतायला?" "येते," मेहजबीन म्हणाली आणि फोन ठेवला. अब्बा समोरच्या गिऱ्हाइकाला रिमोटचं कव्हर दाखवत होते. त्यांनी सहज मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय गं, काही चांगली बातमी?"

"हमीदाबी गेल्या," ती म्हणाली, आणि हे शब्द बाहेर पडत असतानाच तिला कळलं की आपला चेहरा हसरा आहे. अब्बांनी इन्ना लिल्लाह म्हटलं, टोपी सारखी केली, आणि मग जरा जास्तच वेळ तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. अब्बांचा, म्हणजे इम्तियाजभाईंचा, स्वभावच तो. गिऱ्हाइकालासुद्धा दोनदा विचारायचे नाहीत. मेहजबीन पर्स उचलून बाहेर पडली आणि स्वारगेटला अप्पर बिबवेवाडीची बस मिळेपर्यंत तिला स्वतःच्या तोंडाची भीती वाटत राहिली. हमीदाबी काही परक्या नव्हत्या. मेहजबीनला आणि तिच्या धाकट्या बहिणीला, सुहानाला, त्यांनीच कुराण वाचायला शिकवलं होतं. उच्चार चुकला की बोटांवर पेन्सिल मारायच्या आणि मग त्याच बोटांत खजूर ठेवायच्या. अशी बाई जाते आणि आपल्याला आनंद होतो. बरं, दुःखाच्या तळाशी दडलेला, नंतर चाचपडताना सापडलेला, असाही नाही. सगळ्यात आधी तोच आला, घरचा असल्यासारखा, न विचारता. आणि येताना वाक्य घेऊन आला: चला, एक मय्यत मिळाली. माणसाच्या मनाचं काही खरं नसतं म्हणतात ते ठीक आहे, पण इतकं? घरात ते लोक दखनीत बोलत, पण मेहजबीनचं डोकं शाळेपासून मराठीत चालायचं, आणि हे वाक्यही तिच्या डोक्यात चक्क शुद्ध मराठीत उमटलं होतं.

मेहजबीन एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होती. तिचं काम सांगायला सोपं होतं, करायला जिवावरचं. जिवंत पेशीच्या आत काय चाललंय ते मायक्रोस्कोपखाली बघायचं तर पेशीत काहीतरी चमकणारं घालावं लागतं. बाजारातले रंग महाग, आणि त्यातले बरेचसे पेशीला मारतात. मग बघायचं कोणाला? म्हणून गेली काही वर्षं जगभरची माणसं घरातल्या साध्या वस्तूंपासून, सालींपासून, पाल्यापासून, कार्बनचे अतिसूक्ष्म कण करतात. आम्ल नाही, विषारी काही नाही. नुसतं पाणी आणि उष्णता. पाला उकळायचा, गाळायचा, ते पाणी पोलादी डब्यात घट्ट बंद करून भट्टीत ठेवायचं. सकाळी डबा उघडला की तपकिरी, चहासारखं काहीतरी निघतं, आणि त्यावर जांभळा दिवा धरला की ते निळं उजळतं. मेहजबीननं त्यासाठी बोरीचा पाला निवडला तो कुठल्या शोधनिबंधात वाचून नव्हे. तिच्या घरात तो बारा महिने पोत्यात भरलेला असायचा. तिची अम्मी, नसीमबानू, बिबवेवाडीतल्या बायकांच्या मय्यतीला आंघोळ घालायची. त्याला गुस्ल म्हणतात, आणि त्याच्या पाण्यात बोरीचा पाला उकळतात. पैसे घ्यायचे नाहीत, बोलावलं की जायचं. लहानपणी मैत्रिणी विचारायच्या, तुझी आई काय करते? मेहजबीन सांगायची, शिवणकाम. ते खोटं नव्हतं, कफनही अम्मीच शिवायची.

बसमध्ये बसायला जागा मिळाली. खिडकीच्या गजाला डोकं टेकल्यावर नेहमीचंच सगळं सुरू झालं, कारण गेले कित्येक महिने तिच्या डोक्याला दुसरा रस्ताच उरला नव्हता. गच्ची. दोन दांड्यांना बांधलेल्या चादरी. सुहाना पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. मुलगी झाली, सगळं व्यवस्थित झालं, तिचा नवरा अझीम वारज्याहून रोज संध्याकाळी यायचा आणि बाळाला हात लावायला घाबरायचा. घरी येऊन आठवडाही झाला नव्हता. सकाळी सुहाना पलंगावरून उठली, म्हणाली, "दीदी, मला श्वास लागतोय," आणि मेहजबीन पाणी आणायला वळली तेवढ्यात खाली बसली ती बसलीच. पायातली गुठळी फुफ्फुसात गेली, डॉक्टर म्हणाले. कोणाचीच चूक नाही, असंही म्हणाले. चूक नसणं हे ऐकायला किती वाईट असतं ते ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं. मग अम्मीनं पदर खोचला. सगळ्या बायका म्हणाल्या, नसीमबानू, तुम्ही नका, आम्ही करतो. ती म्हणाली, "माझी आहे. मीच धुणार."

इमारत तीन मजली, मोरी एवढीशी, म्हणून गुस्ल गच्चीवर झालं. आणि इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं समजायचं नाही. मय्यतीच्या अंगावरून वाहिलेलं पाणी गच्चीच्या नळीतून खाली पार्किंगमध्ये पडलं तर लोक बोलतात. म्हणून अम्मी, मय्यत ज्या फळीवर ठेवतात त्या तख्ताखाली निळा टब ठेवायची आणि नंतर ते पाणी कुठल्यातरी झाडाच्या मुळाशी नेऊन घालायची. हा नियम कुठल्या किताबातला नाही, सोसायटीतला आहे. शेजारी मोठ्या पातेल्यात उरलेलं, न वापरलेलं पाणी. दोन्हींत पाला तरंगत असायचा. जनाजा उचलून पुरुष निघून गेले, बायका खाली सुहानाच्या छोटीजवळ जाऊन बसल्या, आणि मेहजबीन एकटीच गच्चीवर उरली. तिच्या पिशवीत प्रयोगशाळेची एक रिकामी बाटली होती. तिनं ती भरली. का भरली? हात रिकामे होते आणि हातांना भरायची सवय होती, एवढंच. पण त्याहून वाईट म्हणजे, पातेल्यातून भरली की टबातून, हे तिला आठवत नव्हतं. डोळ्यांसमोर बाटलीचं तोंड यायचं, त्यात शिरणारं एक पान यायचं, बुडबुडा यायचा. भांडं येत नव्हतं.

त्या पाण्याची तिनं सातवी बॅच केली. पहिल्या सहा सामान्यच होत्या: फिकट निळ्या, पेशीच्या कडेला चिकटून राहणाऱ्या, थोड्या वेळात विझणाऱ्या. सातवीचा डबा उघडून तिनं दिवा धरला आणि हातातून दिवा पडायचाच बाकी राहिला. हिरवट पांढरा, शांत, दाट उजेड. संस्थेत ज्या पेशींवर काम चालतं त्या एका बाईच्या आहेत. परदेशात सत्तरएक वर्षांपूर्वी ती बाई वारली, तिच्या गाठीतल्या पेशी मात्र जगभर काचेच्या बशांतून वाढतायत, मरायला तयार नाहीत. त्या पेशींनी सातव्या बॅचचे कण असे ओढून घेतले की बघणाऱ्याला भूक दिसावी. कडेपासून अगदी आतल्या केंद्रकापर्यंत सगळी पेशी उजळली. बाजूला बसलेला सौरभ म्हणाला, "अगं, धिस इज इन्सेन. विभागल्या तरी विझत नाहीये. कन्यापेशींत पण गेलंय बघ." मायक्रोस्कोपच्या खोलीत अंधार असतो, एसीचा आवाज सोडून काही नसतं. पडद्यावर त्या पेशी एकेक करून फुगत, कमरेत बारीक होत, दोन होत, आणि दोघीही उजळलेल्या. मेहजबीनला वाटलं, कोणीतरी आतून आपल्याकडे बघतंय. तिनं खुर्ची मागं सरकवली. सौरभनं विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "एसी."

तिच्या मार्गदर्शक, डॉ. शालन बेहेरे, यांनी पन्नाशी ओलांडली होती आणि त्यांच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे पुण्यात दुपारी दुकान उघडं सापडणं. त्या पडद्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हं. बरं आहे." सौरभनं नंतर सांगितलं की मॅडमनी 'बरं' म्हटलेलं त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. पण दुसऱ्या वाक्यात त्यांनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं. कणांत नायट्रोजन फार होता. उजेड त्याच्यामुळेच होता. पाल्यात इतका नसतो. "मग हा आला कुठून? कारण कळल्याशिवाय आणि पुन्हा करून दाखवल्याशिवाय मी हे कुठंही पाठवणार नाही. तू प्रबंधात घालायचं नाहीस. एकदा झालं त्याला योगायोग म्हणतात." तीन वर्षं संपत आली होती. सातवी पुन्हा झाली तर प्रबंध झाला, नाहीतर नवा विषय, नवी सुरुवात. बाकी राहिलेलं तिला बोलून दाखवता येत नव्हतं. ती सोडून ते कोणाला माहीतही नव्हतं: सातवी पुन्हा झाली, पाल्याचीच झाली, तर सुहाना त्यात नव्हती. नाही झाली, तर.

नाही झाली. नवा पाला आणला, नाही. जुना, पोत्याच्या तळचा आणला, नाही. घरचं पातेलं नेलं, गच्चीवरच्या टाकीचं पाणी नेलं, शेवटच्या पाण्यात घालतात म्हणून कापूर घातला. नाहीच. मग एका रविवारी घरात कोणी नसताना तिनं पाला उकळला, कोमट केला, मोरीत स्वतः टबात बसून आपल्याच डोक्यावरून ओतला, उजवीकडून, डावीकडून, आणि टबातलं पाणी बाटलीत भरून सोमवारी संस्थेत नेलं. लाज वाटली, पण नेलं. उजेड आला, पहिल्या सहांपेक्षा रतीभर जास्त. पण तो उजेड नव्हता. तिनं त्यातून जो निष्कर्ष काढला तो तर्काला धरूनच होता, हीच तर भीतीची गोष्ट: जिवंत माणसाचं पाणी चालत नाही. तेव्हापासून ती गल्लीतल्या म्हाताऱ्यांकडे वेगळ्या नजरेनं बघू लागली. कोणाला खोकला आहे, कोण जिन्यात थांबतं, कोणाच्या घरी डबा आत जातो आणि तसाच परत येतो. हमीदाबी भिंत धरून चालायला लागल्या तेव्हा हिच्या मनात खूणगाठ बसली. कोणाचं वाईट व्हावं असं तिला वाटत नव्हतं. ती फक्त वाट बघत होती. या दोन्हींत फार अंतर आहे असं ती स्वतःला समजावायची, आणि अंतर रोज थोडं कमी व्हायचं.

अब्बांच्या दुकानातला टॉर्चही तिनं असाच घरी आणला होता. आणला आणि पस्तावली. त्या जांभळ्या प्रकाशात रोजचं घर ओळखू येत नाही. उजाला घातलेल्या चादरी निळ्याशार पेटतात. दात उजळतात, नखं उजळतात. अम्मी झोपली असताना दुपारी तिच्या हातांवर तिनं टॉर्च धरला. दहाही नखं फिकट चमकत होती, आणि ज्या हातांनी इतक्या बायका धुतल्या त्या हातांवर बाकी काहीच नव्हतं. छोटीच्या लाळेऱ्यावर डाग होते. दिवसा न दिसणारे, वाळलेल्या दुधाचे, ते पांढुरके पेटले. मेहजबीननं पटकन टॉर्च विझवला. तिला वाटलं, बाळाच्या अंगावर असलं काही धरू नये. त्या डागांकडे नीट बघितलं असतं तर पुढचे महिने वाचले असते. पण शास्त्रज्ञ झाला म्हणून काय माणसाला सगळं दिसतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आणि काल, सोमवारी, मॅडमनी तिला बोलावलं. "तुझ्या त्या सातव्या बॅचचं मूळ पाणी, भट्टीत जायच्या आधीचं, उरलंय ना फ्रीझरमध्ये? बुधवारी ते हैदराबादला पाठवू. माझी एक मैत्रीण आहे, तिच्याकडे यंत्र आहे. पाण्यात कुठलं प्रथिन आहे, किती आहे, माणसाचं की जनावराचं, सगळं सांगते ती. तुला आठवत नसेल तर पाण्याला आठवेल." मेहजबीन हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? रात्रभर ती हिशेब करत राहिली, की बुधवारच्या आत कुठूनतरी तसंच पाणी मिळालं, तीच बॅच पुन्हा झाली, तर मॅडम पाठवायच्या नाहीत. आणि मंगळवारी फोन आला. आता सांगा, आनंद होणार नाही तर काय होईल?

हमीदाबींच्या घरी पुढच्या खोलीत पुरुष, मागच्या अंगणात चादरी. अम्मी स्टुलावर बसली होती, गुडघ्याला फडकं बांधून. तिनं मेहजबीनला जवळ घेतलं नाही, नुसतं पातेल्याकडे बोट केलं. कामाच्या वेळी ती आई नसायची. "हात घालून बघ. कोमट हवं. आपल्याला सोसेल तेवढंच त्यांना." हमीदाबी चादरीखाली इतक्या लहान झाल्या होत्या की मेहजबीनला त्यांच्या पेन्सिलीची आठवण येऊन गलबलून आलं, आणि तिला हायसं वाटलं की चला, हेही आपल्याला येतं अजून. अम्मी हाताला कापड गुंडाळून चादरीखालूनच धूत होती. "उजवीकडून. हळू ओत. धार मोडू देऊ नकोस." पाल्याचा तुरट, ओला वास अंगणभर झाला. मेहजबीनला तो प्रयोगशाळेचा वास वाटला आणि मग स्वतःचाच राग आला. तांब्या भरता भरता तिला हमीदाबींच्या अंगावर एक गोष्ट दिसली. ती काय, ते इथंही सांगायचं कारण नाही. अम्मीनं त्यावर कापड ठेवलं, मेहजबीनच्या डोळ्यांत सरळ बघितलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "जे दिसेल ते इथंच धुवायचं. बाहेर न्यायचं नाही." मेहजबीननं मान हलवली. आयुष्यभर तिला शिकवलं गेलं होतं ते नेमकं उलटं: जे दिसेल ते लिहायचं, तारीख घालायची, दुसऱ्याला दाखवायचं.

कफन घालून झालं, बायका आत गेल्या. टब तख्ताखाली होता. मेहजबीननं बाटली काढली, यावेळी नीट बघून, टबातच बुडवली. भरत असताना तिनं वर पाहिलं तर अम्मी स्टुलावरून तिच्याकडेच बघत होती. मेहजबीननं बाटलीचं झाकण लावलं आणि ती पर्समध्ये घातली. चोरी पकडली गेल्यावर पोरं करतात तसा चेहराही तिनं केला नाही. करून काय उपयोग होता?

जनाजा गेल्यावर दोघी घरी आल्या. अम्मी म्हणाली, गच्चीवर बसू, गुडघ्याला ऊन लागेल. ऊन उतरायला आलं होतं. शेजारणीकडून छोटीला घेतलं, अम्मी भिंतीला टेकून बसली आणि बाळाच्या तोंडात डब्याच्या दुधाची बाटली दिली. बराच वेळ छोटीच्या चोखण्याचाच आवाज होता. मग अम्मी म्हणाली, "त्या दिवशीही भरलीस तू. मी जिन्यात होते."

"कशातून भरली मी, अम्मी? पातेल्यातून का टबातून?"

"टबातून." अम्मीनं हे अगदी सहज सांगितलं. "मला वाटलं, असू दे. लोक मक्केहून आणलेलं झमझमचं पाणी ठेवतात, ही बहिणीचं ठेवेल. पोरीला काहीतरी हवं असतं धरायला. पण आजचं ते ओतून टाक. कशाला आणलंस?"

मेहजबीननं सांगितलं. जेवढं सांगता येईल तेवढं सगळं: उजेड, नायट्रोजन, हैदराबाद, मॅडम. अम्मीला त्यातलं किती कळलं देव जाणे, पण ती पूर्णवेळ छोटीकडे बघत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हमीदाबींच्या पाण्यात तो उजेड यायचा नाही."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे." खाली कोणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, त्याचं पीं पीं वाजत राहिलं. ते थांबल्यावर अम्मी म्हणाली, "इतक्या बायका धुतल्या मी, आजवर कोणाचं बाहेर नेलं नाही. तुझ्या अब्बांनाही नाही. हे तुला सांगतेय कारण तू आता लोकांच्या मरणावर डोळा ठेवून बसलीयस, आणि ते मला दिसतंय. सुहानाला पान्हा फुटला गं. तख्तावर. मी कोमट पाणी छातीवर ओतलं आणि दूध यायला लागलं. मी पुसलं. पुन्हा आलं. दुसऱ्यांदा धुतलं, पुन्हा. खाली ही रडत होती, हिचा आवाज जिन्यातून वर येत होता, आणि हिचा आवाज आला की ते यायचं. मला तरी तसंच वाटलं. सगळं टबात गेलं. पाणी ओतायला खतीजा होती, तिला म्हटलं, तू तिकडं तोंड कर. सुहाना थंड होती, मेहजबीन. पूर्ण थंड. मी तिच्या कानात म्हटलं, बस झालं, आता थांब, मी बघते तिच्याकडे. शेवटी कापूस ठेवला आणि कफन बांधलं."

मेहजबीनला कारण माहीत होतं. भरलेली छाती, कोमट पाणी, हाताचा दाब. मेलेल्या शरीरातूनही येऊ शकतं, त्यात रडण्याचा काही संबंध नाही. दुधात प्रथिन असतं, प्रथिनात नायट्रोजन. सगळं सुटलं होतं, इतकं सोपं की हसू यावं. पण तिच्या अंगावर सरसरून काटा आला तो काही केल्या जाईना. कारण तिला दिसलं ते गच्चीवरचं नव्हतं, पडद्यावरचं होतं: त्या दुसऱ्या मेलेल्या बाईच्या पेशी, आणि त्यांची ती ओढून घेणारी भूक. सातव्या बॅचचं जे काही होतं ते त्यांनी पिऊन संपवलं होतं. छोटीला एक थेंब मिळाला नव्हता.

"अजून एक आहे," अम्मी म्हणाली. तिचा आवाज आता इतका बारीक झाला होता की मेहजबीनला जवळ सरकावं लागलं. "मला त्या वेळी वाटलं, खाली जावं, हिला वर आणावं, आणि लावावं. एकदाच. वाया चाललं होतं गं. मी उठले होते. जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेले होते. मग परत फिरले. हे मी नमाजातसुद्धा बोललेले नाही." छोटी झोपली होती. अम्मीनं बाटली तिच्या तोंडातून अलगद काढली, पदरानं हनुवटी पुसली, आणि विचारलं, "ते हैदराबादचं यंत्र हे पण सांगतं का?"

"नाही," मेहजबीन म्हणाली. "पण दूध आहे, हे सांगेल. बाईचं आहे, हेही सांगेल." अम्मीनं मान डोलवली, निकाल ऐकल्यासारखी. नको पाठवू, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मेहजबीन कदाचित भांडली असती, तीन वर्षांचा हिशेब मांडला असता. मूठ उघडून दाखवली आणि ती पुन्हा मिटायची की नाही हे पोरीवर सोडलं, असं झालं ते. हमीदाबींचं पाणी दोघींनी मिळून खाली सोसायटीच्या कडुलिंबाला घातलं.

बुधवारी सकाळी मॅडमच्या टेबलावर थर्माकोलचा डबा तयार होता. वर पत्ता चिकटवलेला. "आण ती बाटली," त्या म्हणाल्या. मेहजबीन फ्रीझरपाशी गेली, बाटली घेऊन आली, आणि डब्यात ठेवण्याऐवजी हातातच धरून उभी राहिली. ती जे बोलली ते तिनं बसमध्ये ठरवलं होतं.

"मॅडम, पाठवायला नको. मी त्यात युरिया घातला होता."

मॅडमनी चष्मा काढला. युरिया म्हणजे नायट्रोजनच नायट्रोजन. या धंद्यात ते कॉलेजच्या पोरांनाही माहीत आहे. "कधी?"

"भट्टीत घालायच्या आधी. बॅच नीट येत नव्हत्या म्हणून."

"आणि मला सांगितलं नाहीस. महिनोन् महिने मी नायट्रोजन शोधत बसले, आणि तू शेजारी उभी राहून माझ्याबरोबर शोधत होतीस." मॅडमचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "अगं, युरिया घालून हे लोकांनी केव्हाच केलंय. लबाडी करायची तर निदान नवी तरी करायची. खताच्या पोत्यासाठी तीन वर्षं घालवलीस." त्यांनी डब्यावरचा पत्ता नखानं उचकटून काढला, त्याची गोळी केली. "मी तक्रार करणार नाही. बहिणीचं झालं त्यानंतर तू ठिकाणावर नव्हतीस, एवढं मला कळतं. पण दुसरा गाईड बघ. माझ्याकडे नको." मग त्या म्हणाल्या, आणि हे त्यांना बोलायचं नव्हतं असं दिसत होतं, "मला खरंच वाटलं होतं तुझ्या हातात काहीतरी आहे."

मेहजबीनला ओरडून सांगावंसं वाटलं. सगळं, पान्ह्यासकट. समोरच्या बाईनं आपल्याला चोर समजावं, आणि तेही तिनं, हे तिला सहन होत नव्हतं. तिनं बाटली दोन्ही हातांत घट्ट धरली.

"ते ओतून टाक," मॅडम म्हणाल्या. "इथंच. बाटली धुऊन मांडणीवर ठेव."

बेसिन टेबलाच्या मागंच होतं. पाणी गोठलेलं होतं, म्हणून मेहजबीननं गरम नळ सोडला, थोडा थंड मिसळला, आणि धारेखाली हात धरून पाहिला. मग बाटली खाली धरली. बर्फ कडेनं सुटला, फिरायला लागला. तपकिरी पाणी मोकळं झालं तसे त्यात पांढुरके धागे दिसू लागले, बारीक, सैल, एकमेकांत गुंतलेले, पाल्याच्या तुकड्यांना वळसे घालत वर येणारे. इतके महिने ते तिथं होते. तिनं कधी ही बाटली उजेडात धरून पाहिली नव्हती. तिनं बाटली तिरकी केली आणि सावकाश ओतायला लागली, धार मोडू न देता.

मागून मॅडमनी विचारलं, "काय बघतेस एवढं? काही आहे का त्यात?"

"नाही, मॅडम," मेहजबीन म्हणाली. "पालाच आहे."